अर्थ लागला

माझ्या अंगणात कडुलिंबाच्या सावलीत एक जुनी मोटार उभी असते. रंग साईसारखा, पुढे दोन गोल दिवे, आणि कडेला गंजाचे दोन-चार ठिपके. धाराशिवातील आमच्या गल्लीतील मुले शाळेतून येता-जाता तिच्यापाशी रेंगाळतात. एखादा धीट मुलगा खिडकीच्या काचेला नाक लावून आत डोकावतो आणि विचारतो, ‘‘आजोबा, ही चालते का हो?’’

‘‘चालते तर!’’ मी म्हणतो. मुलांचा विश्वास बसत नाही. मग मला किल्ली आणावीच लागते. इंजिन एकदा खोकते, दुसऱ्यांदा खाकरते आणि तिसऱ्या खेपेस सुरात गाऊ लागते. मुले टाळ्या पिटतात. एक गोष्ट मात्र मी त्यांना आजवर सांगितलेली नाही. ती ही, की याच गाडीने एकदा मला भर घाटात तोंडघशी पाडले होते, आणि त्या प्रकारात गाडीचा अपराध थोडा व माझा अधिक होता.

गाडीचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’. या नावाशी आमच्या मुलखाचे दूरचे नाते आहे. आमच्या शेजारच्या सोलापुरात १८८२ साली वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. आपल्या देशात आगबोटी, विमाने आणि मोटारी तयार व्हाव्यात, हा ध्यास घेतलेल्या या उद्योगपतींनी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला आणि इटलीतील फियाट कंपनीच्या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. पुढे १९७४ पासून त्या गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. परंतु लोकांच्या तोंडी बसलेले ‘फियाट’ काही केल्या सुटले नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी पुष्कळ वर्षे याच जातीच्या होत्या. त्यांतील अखेरच्या टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या.

माझी गाडी १९७८ सालची. मी ती १९९३ साली सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडून जुनीच घेतली. तेव्हा मी मुख्याध्यापक झालो नव्हतो. तुळजापूर तालुक्यात, घाटाच्या पायथ्याकडील एका खेड्यात सातवीचा वर्गशिक्षक होतो व मराठी शिकवीत असे. आमच्या जिल्ह्याचे नाव त्या काळी उस्मानाबाद होते. ते २०२३ साली धाराशिव झाले. त्या गावात मोटार अशी माझी एकट्याचीच. शिक्षकाने मोटार बाळगावी, याचे लोकांना नवल वाटे, आणि त्यांना नवल वाटते याचे मला सुख वाटे. हे सुख फार महाग पडते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

१९९५ च्या दिवाळीत मी गाडीला नवा रंग दिला. रंगाऱ्याला चार दिवस हवे होते. मी त्याला दोन दिले. गाडी आरशासारखी झळकू लागली. पण महिनाभरातच तिला एक विचित्र खोड लागली. किल्ली फिरविली की कधी इंजिन झटक्यात सुरू होई, तर कधी नुसते ‘टक्’ असा आवाज येई आणि पुढे सारे शांत. चार-सहा वेळा ‘टक्, टक्’ झाले की मी खिडकीतून हात बाहेर काढी. तो इशारा मुलांना पाठ झाला होता. मधली सुट्टी असो वा शाळा सुटलेली असो, दहा-बारा मुले धावत येत आणि ‘एक, दोन, साडेमाडे तीन!’ करीत गाडी ढकलीत. गाडीने वेग घेतला की मी क्लच सोडी आणि इंजिन भडभडून जागे होई. मुलांच्या दृष्टीने तो एक खेळच होता. खो-खोपेक्षा त्यालाच गडी अधिक मिळत.

या खेळात सर्वांत पुढे असे तो लोहाराचा मुलगा. गावाच्या कडेला त्याच्या वडिलांचा भाता होता. हा मुलगा अंगाने दणकट. पण वर्गात त्याचे लक्ष कधी नसे. मी कविता शिकवीत असलो की तो बाकाचा हलणारा खिळा बोटाने चाचपीत असे. ‘‘लक्ष कोठे आहे?’’ असे विचारले की दचकून उभा राही. त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘लक्ष नसते’ हा शेरा मी इतक्या वेळा लिहिला होता, की तो माझ्या सहीचाच एक भाग झाला होता.

गाडीची खोड वाढली तेव्हा मी सोलापूरला एका मिस्त्रीकडे गेलो. मोटारींच्या विजेची कामे करणारा तो म्हातारा माणूस होता. नाकावर घसरलेला चष्मा, हातात पक्कड. मी गाडीतून उतरण्यापूर्वीच निदान सांगून टाकले, ‘‘बॅटरी संपली आहे. नवी बसवा.’’

त्याने बॉनेट उघडले, आत पाहिले आणि शांतपणे विचारले, ‘‘गुरुजी, अर्थ बघितलाय का?’’

आता मी पडलो मराठीचा एम. ए.! ज्ञानेश्वरांपासून केशवसुतांपर्यंत अर्थच पाहत आलेलो. मी हसून म्हणालो, ‘‘मिस्त्री, अर्थ पाहण्याचाच तर मी पगार घेतो!’’ दुकानातील दोघे-तिघे हसले. मिस्त्री हसला नाही. म्हणाला, ‘‘तसा नव्हं. इंजिन रबरावर बसलेलं असतंय. त्याला बॉडीशी जोडणारी पट्टी असती. ती बघायला पायजे. अर्धा तास लागंल.’’ मला तर तुळजापूरला एका लग्नास जावयाचे होते. मी म्हटले, ‘‘अर्धा तास कशाला? बॅटरीच बदला.’’ त्याने खांदे उडविले आणि नवी बॅटरी बसविली. त्या महिन्याच्या पगाराचा मोठा लचका तिने तोडला. पण किल्ली फिरविताच इंजिन सुरू झाले, आणि माझे निदान अचूक ठरले अशा थाटात मी परतलो.

यानंतर आठच दिवसांनी, १९९६ च्या फेब्रुवारीत, सातवीची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. केंद्र तुळजापूरला. माझ्या वर्गातून चार मुले बसणार होती. त्यांत एक मुलगी होती. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकावयाचे तर तुळजापूरला जावे लागे. तिच्या वडिलांनी मला स्पष्ट सांगितले होते, ‘‘गुरुजी, शिष्यवृत्ती मिळाली तर धाडीन. न्हाई मिळाली तर घरचं रान हायच की.’’ ते कठोर गृहस्थ नव्हते. घरात पाच मुले आणि कोरडवाहू चार एकर, एवढेच त्याचे कारण.

आदल्या संध्याकाळी पालक माझ्याकडे आले. एस. टी.ने पहाटे निघावे, असे त्यांचे मत होते. मी म्हणालो, ‘‘एस. टी. कशाला? माझी गाडी आहे. नवी बॅटरी बसविली आहे. मुलांना मी केंद्राच्या दारात उतरवीन.’’ आज आठवले म्हणजे या वाक्यातला प्रत्येक ‘मी’ आणि ‘माझी’ मला टोचतो.

सकाळी आठ वाजता आम्ही निघालो. चार परीक्षार्थी आणि पाचवा तो लोहाराचा मुलगा. तो परीक्षेला बसणार नव्हता. त्याला मी का बरोबर घेतले, हे उघड बोललो नाही. पण ते त्यालाही कळत होते आणि मलाही. बॅटरी कितीही नवी असली, तरी ढकलणारा गडी जवळ असलेला बरा!

तुळजापूर बालाघाटाच्या माथ्यावर वसले आहे. सोलापूरच्या बाजूने जावे तर घाट चढावा लागतो. घाटाचे निम्मे वळण चढून गेलो तोच पुढे उसाने भरलेला एक ट्रक थांबलेला दिसला. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि इंजिनही थांबले. थोड्या वेळाने ट्रक धूर सोडीत पुढे निघून गेला. मी किल्ली फिरविली. ‘टक्!’ पुन्हा फिरविली. ‘टक्!’

लोहाराच्या मुलाने न सांगता उडी मारली आणि मागच्या चाकाला मोठा दगड लावला. गाडी चढावर होती. पाच मुलांनी ढकलून वर जाण्यासारखी ती नव्हती, आणि खालून ट्रक येत असताना तिला उलटी घरंगळू देण्याचा धीर मला झाला नाही. फार जुन्या मोटारींना पुढून हँडल मारून जागे करीत. इंजिन फिरविणारी विजेची युक्ती अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी काढली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत ती प्रथम आली. त्या घाटात मला त्या हँडलाची फार आठवण झाली. माझ्या गाडीबरोबर ते आलेच नव्हते.

साडेआठ वाजून गेले होते. साडेनवाला केंद्रावर हजर राहावयाचे. माझ्या कपाळावर घाम आला आणि तोंडून शब्द निघाले, ‘‘त्या मिस्त्रीने फसविले! जुनी बॅटरी नवी म्हणून गळ्यात मारली. चोर लेकाचा!’’ मुलांच्या देखत मी हे बोललो. मागून एक मोटार येत होती, तिला सावध करण्यासाठी मी हॉर्न दाबला. हॉर्न खणखणीत वाजला.

मागच्या बाकावरून त्या मुलीने हळूच विचारले, ‘‘गुरुजी, बॅटरी खराब असली तर हॉर्न कसा वाजतो?’’

प्रश्न साधा होता. मजजवळ त्याचे उत्तर नव्हते. ज्याच्याजवळ उत्तर नसते तो रागावतो. मीही रागावणार होतो. पण तेवढ्यात लोहाराचा मुलगा पुढून ओरडला, ‘‘गुरुजी, दिवे लावा अन् किल्ली फिरवा!’’ मी दिवे लावले. ऊन पडलेले असल्यामुळे त्याने एका दिव्याच्या काचेभोवती दोन्ही तळव्यांचा आडोसा केला आणि डोळा लावून पाहू लागला. मी किल्ली फिरविली. ‘टक्!’

‘‘दिवा मंद झाला न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्या चुलत्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरली होती तवा किल्ली मारली की दिवे पार विझायचे.’’

मी पुन्हा एकदा किल्ली फिरविली आणि हट्टाने तशीच धरून ठेवली. इतक्यात माझ्या शेजारी बसलेला लहानखुरा मुलगा म्हणाला, ‘‘गुरुजी, इथं काय तरी जळतंय.’’ खरोखरच प्लॅस्टिक जळाल्यासारखा वास येत होता. चोक ओढण्याचे बटण त्याच्या गुडघ्यासमोर होते. त्या बटणापासून एक तार इंजिनाकडे जाते. तिच्या वेष्टणातून धुराची बारीक रेघ निघत होती. मी किल्ली सोडली. लोहाराच्या मुलाने बॉनेट उघडून त्या तारेजवळ बोट नेले आणि चटकन मागे घेतले.

‘‘ही तर भाजतीय! हिला कुणी तापवली?’’

मुलांनो, चोकची तार ही विजेची तार नव्हेच. ती नुसती ओढण्याची दोरी. तिच्यातून वीज जाण्याचे काही कारण नाही. मग ती तापली कशी? भात्यापाशी वाढलेल्या मुलालाच हा प्रश्न पडला. आणि तो प्रश्न ऐकताच माझ्या कानांत त्या म्हाताऱ्याचे शब्द घुमले : ‘गुरुजी, अर्थ बघितलाय का? इंजिन रबरावर बसलेलं असतंय...’

विजेची रीत रहाटगाडग्यासारखी आहे. भरलेली गाडगी वर येतात, हे आपल्याला दिसते. पण रिकामी गाडगी पलीकडच्या बाजूने खाली गेली नाहीत, तर रहाट जागच्या जागी थांबतो. विजेलाही जावयाची वाट हवी आणि परतावयाचीही हवी. घरात यासाठी दोन तारा असतात. मोटारीत बहुतेक ठिकाणी एकच तार असते आणि परतीचे काम गाडीचा लोखंडी सांगाडा करतो. त्या सांगाड्याशी असलेल्या जोडणीला मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. तो शब्द इंग्रजी. त्याचा मूळ अर्थ पृथ्वी. आता इंजिन हादरते, म्हणून ते सांगाड्यावर रबराच्या गाद्यांवर बसवितात. रबरातून वीज जात नाही. तेव्हा इंजिनापासून सांगाड्यापर्यंत तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक पट्टी लावावी लागते. तीच परतीची वाट. ती बंद पडली की वीज सापडेल त्या आडवाटेने परतू पाहते, आणि बिचारी चोकची तार तिच्या तावडीत सापडते.

हॉर्न आणि दिवे यांची जोडणी थेट सांगाड्याशी होती, म्हणून ते ठणठणीत होते. दिव्याला लागणारी वीजही थोडी. एका दिव्याला चार अँपिअरच्या आसपास. इंजिन फिरविणाऱ्या यंत्राला मात्र शंभराहून अधिक अँपिअर लागतात. पायवाटेने एखादा वाटसरू जाऊ शकतो. तुळजापूरची यात्रा जाऊ शकत नाही.

हे सगळे मला आज इतके नीट सांगता येते. घाटात मात्र मी नुसता म्हणालो, ‘‘एक पट्टी असते. विणलेली. शोधा!’’

लोहाराच्या मुलानेच ती शोधली. इंजिनाच्या कडेने खाली उतरून ती सांगाड्याला एका बोल्टने जखडली होती. गाडीच्या पेटीत पाना होता. किल्ली बंद करून त्याने बोल्ट सैल केला आणि पट्टीचे टोक उचलले. खाली काय असावे? साईसारखा सुंदर, गुळगुळीत रंग! माझ्या दिवाळीच्या घाईत रंगाऱ्याने पट्टी काढून आतून रंग दिला होता आणि रंगावरच ती पुन्हा आवळली होती. रंग म्हणजे विजेच्या वाटेतील भिंत. आजवर सगळा भार त्या बोल्टच्या आट्यांवर होता. आता त्यांनाही गंज चढला होता.

रंग खरवडावयाचा कशाने? परीक्षेच्या मुलांजवळ कंपासपेट्या होत्या. एकाने पेन्सिल टोकण्याचे पाते दिले. ते पुरेना. मुलीने क्षणभर आपली नवी पेटी छातीशी धरली. मग कर्कटक काढून देत ती म्हणाली, ‘‘टोक मोडलं तर नवं द्याल, गुरुजी?’’ ‘‘देईन,’’ मी म्हणालो. लोहाराचा मुलगा खरवडू लागला. लोखंड चकचकीत दिसेपर्यंत त्याने मान वर केली नाही. त्या पाच मिनिटांत त्याचे लक्ष जेथे होते, तेथून ते हलविणे कोणत्याही गुरुजीला शक्य झाले नसते. बोल्ट आवळला. मी आत बसलो. मुले श्वास रोखून उभी होती.

किल्ली फिरविली मात्र, इंजिनाने अशी उडी घेतली, की जणू त्याला आपल्यावरील आरोप खोडून काढावयाचा होता.

केंद्राच्या फाटकाची एक बाजू बंद झालेली होती, दुसरी बंद होत होती. मुले धावत आत गेली. मी आणि लोहाराचा मुलगा बाहेर एका दगडावर बसून राहिलो. मी त्याला चहा पाजला. काहीतरी बोलावे असे वाटत होते. पण इतकी वर्षे भाषा शिकवूनही मला त्या वेळी एक वाक्य जुळविता आले नाही. त्याने मात्र विचारले, ‘‘गुरुजी, त्या मिस्त्रीला तुम्ही चोर म्हणाला होता. आता?’’

पुढच्या रविवारी मी सोलापूरला गेलो. मिस्त्रीसमोर उभे राहून घाटात मी काय बोललो होतो ते त्याला सांगितले. ऐकणारे आज कोणी नव्हते. तसे मी गिऱ्हाईक नसण्याची वेळ पाहूनच गेलो होतो, हेही कबूल केले पाहिजे. त्याने चष्मा वर केला आणि दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखविले. तेथे माझी जुनी बॅटरी होती. तिच्यावर त्याचा रेडिओ चालू होता. ‘‘अजून दोन वर्षं मरत न्हाई ती,’’ एवढेच तो म्हणाला. मग त्याने मला एक स्टूल दिले.

त्या दिवशी मी विद्यार्थी झालो. मिस्त्रीचे मुख्य हत्यार पाहून मला हसू आले. मोटारीचा एक बारा व्होल्टचा लहान दिवा आणि त्याला जोडलेल्या दोन तारा. बस्स! एक तार त्याने बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी इंजिनाला टेकविली आणि मला किल्ली फिरवावयास सांगितले. दिवा लागला नाही. मग त्याने ती विणलेली पट्टी मुद्दाम सोडविली, चोकची तारही सोडून ठेवली आणि पुन्हा तेच केले. दिवा लख्ख पेटला! ‘‘पट्टी धड असली तर ह्या दोन जागांत फरक नसतो, दिवा लागायचं कारण न्हाई. जो दिवा लागू नये तो लागला, तिथं दुखणं.’’ अर्धा तास लागेल, असे तो म्हणाला होता. त्याला तीन मिनिटेही लागली नाहीत.

त्याची रीत मोठी पाहण्यासारखी होती. काय बिघडले, हे तो प्रथम विचारीतच नसे. काय चालते आहे, ते विचारी. चालणाऱ्या गोष्टी बाजूला काढल्या की दुखणे आपोआप कोपऱ्यात सापडे. एका वेळी तो एकच गोष्ट बदली. दोन बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कोणत्या गोष्टीने झाली ते कसे कळणार? काम करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजूची तार आधी सोडी. आम्ही घाटात ती सोडली नव्हती, याबद्दल त्याने मला चांगलेच फैलावर घेतले. काही जुने ड्रायव्हर फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून काम भागवीत. त्याचा तर त्याला संताप येई. ‘‘फ्यूज म्हंजी राखणदार. राखणदार मेला म्हणून तिथं बुजगावणं उभं करायचं? गाडी जळंल की!’’

जोडणीतील अडथळा वाढला की प्रवाह त्या मानाने घटतो, हा नियम जर्मनीतील गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. ओहम हे शाळेत शिकविणारे गुरुजी होते, हे वाचल्यावर मला उगाच बरे वाटले. मिस्त्रीने ओहमचे नाव ऐकलेले नव्हते. त्याच्या दिव्याला मात्र ओहमचा नियम पाठ होता.

त्यानंतर तसा एक दिवा मीही तयार केला. एकदा माझ्या गाडीत अजब प्रकार झाला. ब्रेक दाबला की मागचा वळणाचा दिवा अंधुक पेटे. पूर्वीचा मी असतो तर एव्हाना दोन्ही दिवे बदलून मोकळा झालो असतो. आता मी स्टूल घेऊन बसलो. जे दिवे चालत होते ते आधी पाहिले आणि मग मागच्या दिव्याचे घर उघडले. तेथील अर्थाची तार गंजून सुटली होती. परतीची वाट नाही म्हणून ब्रेकच्या दिव्याची वीज शेजारच्या दिव्यातून परत जात होती! गंज काढला, स्क्रू आवळला, खर्च शून्य. त्या दिवशी मी जेवताना ही हकीकत घरात तीनदा सांगितली.

परीक्षेचा निकाल उन्हाळ्यात लागला. चौघांपैकी दोघांना शिष्यवृत्ती मिळाली. त्यांत ती मुलगी होती. जूनमध्ये ती तुळजापूरच्या शाळेत जाऊ लागली. तिचे कर्कटक घाटात खरेच बोथट झाले होते. मी तिला नवी कंपासपेटी आणून दिली आणि जुने कर्कटक मागून घेतले. लोहाराचा मुलगा त्या वर्षी मराठीत कसाबसा पास झाला. त्याचे प्रगतिपुस्तक लिहावयास घेतले तेव्हा लेखणी सवयीने ‘लक्ष नसते’ असे लिहून गेली. मी ते खोडले. त्या जागी काय लिहावे, हे पुष्कळ वेळ सुचेना. जागा कोरीच राहिली.

दरवर्षी खंडेनवमीला आम्ही गाडीची पूजा करतो. तुळजापुरात नवरात्राची गर्दी असते; आमच्या गल्लीतही झेंडूच्या राशी येऊन पडतात. सकाळी घरची मंडळी हार ओवीत असतात, तेव्हा मी बॉनेट उघडून बसतो. आधी बॅटरीची तार सोडतो, मग पाना घेऊन तो बोल्ट काढतो आणि पट्टीखालील लोखंड त्या बोथट कर्कटकाने चकचकीत होईपर्यंत घासतो. बोल्ट आवळून वरून थोडे व्हॅसलीन लावतो. आतून कोणीतरी हाक मारते, ‘‘हार तयार आहे, घालू का?’’

‘‘थांबा,’’ मी म्हणतो, ‘‘अजून किल्ली फिरवायची आहे.’’